ईशान्येची भिंत

मे महिन्याच्या सुट्टीत काय केलेत, हा प्रश्न जूनमध्ये स्टाफरूममध्ये हमखास विचारला जातो आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात : उत्तरपत्रिका, कोकण, एखादा उजळणी वर्ग. २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयतांनी ‘भिंत बांधली’ असे उत्तर दिले, तेव्हा विचारणाऱ्याने ते रूपक समजून गंभीरपणे मान डोलावली. मराठीच्या प्राध्यापकांचे हे एक दुर्दैवच म्हणायचे. त्यांनी साधे विधान केले तरी त्याला लक्षणा येऊन चिकटते. म्हणून आरंभीच सांगून टाकतो. ही भिंत काँक्रीटची होती. लांबी ४० मीटर, उंची माणसाच्या डोक्याएवढी, कॉलम १७. ती थायलंडच्या बुरीराम प्रांतातल्या, बँकॉकपासून सुमारे ४०० किलोमीटरवरच्या एका खेड्यात उभी आहे आणि तिच्या दहाव्या-अकराव्या कॉलमाच्या आसपास तिला एक दोष आहे. हा लेख मुख्यतः त्या दोषाविषयी आहे.

आमच्यापैकी एकीचे थोरले बंधू, म्हणजे आमचे दादा, नोकरीच्या निमित्ताने थायलंडला गेले आणि तिथलेच झाले. स्थापत्य अभियंते. निवृत्तीनंतर वहिनींच्या गावी येऊन राहिले. वहिनी त्या गावच्या. थायलंडच्या या ईशान्य भागाला ‘इसान’ म्हणतात, आणि हा शब्द दुसरा तिसरा कोणता नसून आपला ‘ईशान’च आहे. इसानच्या खेड्यांत परंपरेने लग्नानंतर मुलगी सासरी जात नाही, जावई तिच्या घरी येतो, आणि जमीन बहुधा लेकींकडे जाते. धाकटी लेक आईवडिलांना सांभाळते आणि घर तिला मिळते. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दात जी कुचेष्टा आहे ती तिथे संभवतच नाही, कारण तिथे जावई म्हणजे घरजावईच. दादांना मात्र ती आतून जाणवत असावी. मराठी माणूस भाषा बदलतो, अन्न बदलतो; कुचेष्टेची भीती मात्र सोबत घेऊन जातो.

त्यात कायद्याची भर. परदेशी माणसाला थायलंडमध्ये सहसा जमीन नावावर करता येत नाही. थाई पत्नीने लग्नानंतर जमीन विकत घेतली, तर त्यातला पैसा सर्वस्वी तिचाच आहे असे नवरा-बायकोला भूमी कार्यालयात लिहून द्यावे लागते. दादांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवला नाही, जमीन वहिनींना त्यांच्या आईकडूनच आली होती. पण जमिनीवरचे बांधकाम परदेशी माणसाचे असू शकते. दादांनी हे आम्हांला पहिल्याच रात्री, विचारले नसताना, सांगितले. दर ९० दिवसांनी त्यांना इमिग्रेशन कचेरीकडे आपला पत्ता कळवावा लागतो : मी अजून इथेच आहे. इतकी वर्षे झाली, तरी.

जमीन एक ‘राय’. राय म्हणजे १६०० चौरस मीटर, आपले सोळा गुंठ्यांना थोडे कमी. तिच्या पूर्वेला वहिनींच्या आईच्या थोरल्या बहिणीचे घर. आईच्या थोरल्या बहिणीला थाईत ‘पा’ म्हणतात. वहिनींची आई गेली त्याला काही वर्षे झाली होती. पा ऐंशीच्या घरात, काटक, पान खाणाऱ्या. दोन बहिणींच्या वाटणीच्या जमिनींमध्ये कुंपण होते ते झाडांचे, आणि ती झाडे पाहून आम्ही चकित झालो, कारण ती सुबाभूळ होती. १९८० च्या दशकात आपल्याकडे ज्या झाडाचा गावोगाव प्रचार झाला आणि जे शेवटी शेळ्यांच्या कामी आले, तेच झाड. तिथे त्याला ‘क्रथिन’ म्हणतात आणि त्याचे कोवळे शेंडे माणसे खातात. कच्च्या पपईच्या तिखट कोशिंबिरीबरोबर, कच्चेच. बुरशासारखी थोडी उग्र चव. पपई आणि मिरची ज्या उभ्या उखळीत कुटतात ती पाहिल्यावर आम्हांला आमचा ठेचा आठवला, आणि ‘आमचा’ म्हणताना, मिरची आपलीही नव्हे नि त्यांचीही नव्हे, पोर्तुगीजांच्या काळात समुद्रापलीकडून आलेली, हेही आठवले.

दादांनी आपल्या बाजूला भर घातली होती. पावसाळ्यात पाणी साचते म्हणून ट्रकच्या ट्रक माती टाकून जमीन दोन फूट उचलली होती. तिकडे सर्वजण हेच करतात. पण आदल्या पावसाळ्यात ती भर कुंपणातून वाहून पांच्या अंगणात गेली. पा रोज सकाळी ती झाडून काढत. बोलल्या नाहीत. थाईत ‘क्रेंग चाय’ असा एक शब्द आहे. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून आपण गिळून टाकायचे. इंग्रजीत याला शब्द नाही असे पुस्तके सांगतात. मराठीत आहे : भीड. पांची भीड पाहून दादांनाच ओशाळे झाले आणि त्यांनी भिंत बांधायचे ठरवले. म्हणजे भिंत बांधण्यामागचा हेतू पांचे अंगण वाचवण्याचा होता, हे दादांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. खालचे दोन फूट ओतीव काँक्रीट, पाणी निघून जायला ठराविक अंतरावर पाइपाची भोके, वर ब्लॉकचे बांधकाम. नकाशा चोख होता.

वेळ मात्र मोजका होता. मे अर्धा सरला की पावसाची सुरुवात होते आणि पाऊस आला की गवंडी, बिगारी, सगळे भातखाचरात उतरतात. तिथला गवंडी आधी शेतकरी आणि मग गवंडी. म्हणून दादांनी आम्हांला सुट्टीत बोलावून घेतले. आणखी दोन जोड हात, असे ते फोनवर म्हणाले. हातांविषयीचा त्यांचा हा समज दुसऱ्याच दिवशी दूर झाला.

थाईत कारागिराला ‘चांग’ म्हणतात. उच्चार छांगकडे झुकणारा. हत्तीलाही तेच म्हणतात. फरक फक्त स्वराच्या चढउताराचा : स्वर वरून खाली उतरला की कारागीर, वरच राहिला की हत्ती. आम्ही पहिले दोन दिवस मुख्य गवंड्याला अत्यंत आदराने हत्ती म्हणून हाक मारत होतो. त्यांनी एकदाही दुरुस्त केले नाही. पन्नाशीचे, बँकॉकच्या उंच इमारतींवर वीस वर्षे काम करून गावी परतलेले. बँकॉकच्या अनेक इमारतींत इसानी माणसांचा घाम जिरलेला आहे. त्यांच्या टोळीत त्यांची बायको, एक भाचा, दुसरा एक तरुण, आणि सेंटरिंगच्या फळ्या ठोकणारे एक वृद्ध, ज्यांना सगळे ‘लुंग’, म्हणजे काका, म्हणत. काम उक्ते दिलेले होते, मीटरवर. त्या वर्षी थायलंडमधली किमान मजुरी प्रांताप्रांतानुसार दिवसाला ३२८ ते ३५४ बाट होती; उक्त्यात त्याहून बरे सुटते, पण जोखीम आपली. नावाने तिथे कोणी कोणाला सहसा नुसती हाक मारत नाही. वयाने मोठा तो ‘पी’, धाकटा तो ‘नोंग’, मग काका, मावशा, आज्या. आमच्यासारख्यांना हे फार सोपे गेले. आमच्या वाट्याला मात्र ‘आचान’ हा शब्द आला. आचान म्हणजे आचार्य. महाविद्यालयात शिकवणाऱ्याला तिथे हेच म्हणतात. आयुष्यात प्रथमच कोणी आम्हांला आचार्य म्हणाले, आणि त्याचा परिणाम असा की आम्हांला सिमेंटचे पोते उचलू देईनात. आचार्याने पोते उचलायचे नसते.

पोत्यांवर चित्रे होती. वाघाचे पोते बांधकामाला आणि गिलाव्याला, हत्तीचे पोते कॉलम-बीमला. दोन्ही त्याच जुन्या कंपनीची, जी १९१३ मध्ये सहावा राम, म्हणजे राजा वजिरावुध याच्या आज्ञेने स्थापन झाली. वजिरावुध म्हणजे आपला वज्रायुध. सिमेंटचा कारखाना काढणाऱ्या राजाला याहून समर्पक नाव मिळणे कठीण. पहिल्या दिवशी वाघाची पोती गाडीतून उतरत असताना आमच्यापैकी एकाच्या तोंडून सहज निघून गेले, “चांगदेव वाघावर बसूनच आला होता.” दादा खो खो हसले. बऱ्याच वर्षांनी मराठी विनोदावर हसत असावेत. मग त्यांनी चांगना आळंदीची गोष्ट थाईतून सांगितली : एक योगी वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघतो आणि चार भावंडे ज्या भिंतीवर बसली आहेत ती भिंतच चालवत त्याला सामोरी जातात. चांगनी सगळी गोष्ट लक्षपूर्वक ऐकली. पाया किती खोल होता, एवढेच विचारले.

भूमीची परवानगी घेण्यापासून काम सुरू झाले. तिथे प्रत्येक घरासमोर खांबावर एक लहानसे देवघर असते, भूमिदेवतेचे. तिच्या नावातला ‘फूम’ म्हणजे भूमीच. वहिनींनी उदबत्त्या लावल्या, लाल सरबताची बाटली नळी घालून ठेवली, आणि अमुक बाजूला खोदणार आहोत असे देवतेला सांगितले. मग सुबाभूळ तोडली. एका सकाळीत सगळी ओळ आडवी झाली. पा त्यांच्या बाजूने आल्या, पडलेल्या फांद्यांचे कोवळे शेंडे खुडत राहिल्या आणि एक जुडी आमच्या हातात ठेवून परत गेल्या. हसऱ्या चेहऱ्याने. त्या हसण्याचा अर्थ आम्हांला त्या दिवशी लागला नाही. दादांना लागला असेल, असे आता वाटत नाही.

पान खाणाऱ्या पांमुळे आम्हांला आणखी एक शब्द मिळाला. थाईत सिमेंटला बोलीत ‘पून’ म्हणतात, गिलाव्यालाही पून, आणि पानाला लावतात त्या चुन्यालाही पून. पांच्या डबीत तांबूस रंगाचा पून असे. भिंतीचा चुना आणि पानाचा चुना एकच, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विटेला तिथे ‘इत्’ म्हणतात, पाली ‘इट्ठका’वरून, आपली वीटही ‘इष्टके’पासूनच आली. ज्या विटेवर पंढरीचा विठ्ठल उभा आहे तिची एक चुलत बहीण मेकाँगच्या खोऱ्यात नांदते आहे, हे कळल्यावर आम्ही इतके हरखलो की दिवसभर शब्दच वेचत राहिलो : आहारासाठी आहान, वेळेसाठी वेला, भाषेसाठी फासा, शिलेसाठी सिला. चांगच्या बायकोने शेवटी वहिनींना विचारले की आचान काम केव्हा करणार.

तिने आम्हांला रिंगा बांधायला शिकवले. चार उभ्या सळया, त्यांना ठराविक अंतरावर चौकोनी रिंग, आणि प्रत्येक कोपऱ्याला तारेची गाठ. तार दुमडून सळईमागून घ्यायची, आकड्यात अडकवायची, दीड पीळ द्यायचा. दोन पीळ दिले की तार तुटते. ती बोलता बोलता बांधत जाई. आम्ही मोजून मोजून. आपल्याकडे बांधकामावर बाईच्या वाट्याला बहुधा घमेले येते, थापी येत नाही. इथे पुढे गिलाव्याचा शेवटचा हात तिचाच होता आणि चांग तिला माल कालवून देत होते. दादा आणि चांग यांच्यात त्या कालवण्यावरून रोज वाद होई. एकास दोनास चार हे प्रमाण दोघांनाही मान्य, पाणी किती यावर मतभेद. जास्त पाण्याने काँक्रीट हातांना सोपे जाते आणि पुढे कमजोर होते. दादांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. चांगचे म्हणणे ३८ अंशांच्या उन्हाला. दादांनी आम्हांला असेही ऐकवले की काँक्रीट ‘सुकते’ हे आमचे बोलणे अडाणीपणाचे आहे. ते सुकत नाही, पाणी धरून घट्ट होते. सुकले तर बिघडते. म्हणून त्यावर दिवसेंदिवस पाणी मारायचे. हे काम आमच्याकडे आले. ते आम्हांला येत होते.

येत होते, कारण आमच्यापैकी एकाने ते दहाव्या वर्षी केलेले होते. सातारा जिल्ह्यातले गाव, साल १९९१, वाड्याच्या वाटण्या. वडील आणि काका यांच्यात चौकाच्या मधोमध विटेची भिंत उभी राहिली. सकाळ-संध्याकाळ तिच्यावर पाणी मारायला त्या मुलाला लावले होते, आणि त्याने ते हौसेने केले. नळीने पाणी उडवायला कोणत्या मुलाला आवडत नाही? तुळशीवृंदावन पलीकडे गेले. आजी दोन्ही लेकांची. ती अलीकडे जेवायची आणि पलीकडे दिवा लावायला जायची. चौकातून बारा पावले होती. भिंत झाल्यावर तिला दिंडीतून बाहेर पडून, रस्त्याने, दुसऱ्या दारापर्यंत वळसा घालावा लागे. हा वळसा तिने शेवटची सहा वर्षे घातला. भिंत छान पक्की झाली होती.

भिंतींविषयी लिहिताना फ्रॉस्टची आठवण काढण्याची साहित्याच्या शिक्षकांना सवय असते. आम्ही ती कविता अनेकदा समजावून सांगितली आहे. प्रत्यक्ष लेव्हल धरताना ती उपयोगी पडत नाही.

लेव्हलचे असे झाले. ओतीव काँक्रीटची वरची रेघ सर्व कॉलमांवर एका पातळीत आणायची होती. त्यासाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात, आपल्याकडेही वापरतात. दोन टोकांना पाणी एकाच पातळीत येते, खूण करायची, पुढे सरकायचे. हे काम आचार्यांना झेपेल असे ठरले. आम्ही दोघांनी दोन टोके धरून दहा मीटर खुणा केल्या. चांग लांबून आले, डोळे बारीक करून बघितले, आणि काही न बोलता नळी उचलून उन्हात धरली. मध्यावर बोटाच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा होता. नळीत हवा असली की दोन्ही टोके खोटे बोलतात. आमची रेघ शेवटच्या खुणेपर्यंत दोन इंच चढली होती. दादा चिडले. चांगनी नळीतली हवा काढली, खुणा पुसल्या, आणि टोके पुन्हा आमच्याच हातात दिली. गेल्या अनेक वर्षांत कोणी आमची चूक इतक्या सभ्यपणे दुरुस्त केलेली आम्हांला स्मरत नाही, आणि आम्ही विद्यार्थ्यांच्या चुका कशा दुरुस्त करतो हेही त्या क्षणी आठवल्यावाचून राहिले नाही.

१४ मे रोजी देशाची सार्वत्रिक निवडणूक होती. आदल्या संध्याकाळी सहापासून दारू बंद, त्यामुळे कामानंतरची तांदळाच्या दारूची बैठक झाली नाही आणि लुंग उदास होते. दुसऱ्या दिवशी काम बंद. निकालानंतर भाच्याने दोन मोठे प्रचारफलक आणले आणि सिमेंटच्या पोत्यांवर पसरले. पुढचे सगळे दिवस एक उमेदवार हात जोडून आमच्या वाळूकडे पाहत होते.

त्या सुट्टीच्या दिवशी दादांनी आम्हांला प्रांताच्या दक्षिणेकडच्या फनोम रुंगला नेले. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचे ख्मेर राजवटीतले शिवमंदिर, दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान बांधले गेलेले. तिथल्या दारावरची शेषशायी विष्णूची शिळा १९६० च्या दशकात चोरीला गेली, शिकागोच्या संग्रहालयात सापडली आणि मोठ्या आंदोलनानंतर १९८८ मध्ये परत आली. आम्ही मात्र तिच्याऐवजी प्राकाराच्या भिंतीपाशीच थबकलो. भिंत जांभ्याची होती. तांबडी, सच्छिद्र, कोकणातल्या कोणत्याही गडग्यात शोभेल अशी. दादांनी तिच्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. सांध्यात चुना नाही, दगडावर दगड आहेत, असे म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. आम्हांला वाटते, त्यांना रत्नागिरीचे आजोळ आठवले असावे. पण हे आमचे वाटणे.

आता दोष. कॉलमांचे खड्डे खोदले गेले तो दिवस दादांच्या नव्वद दिवसांच्या हजेरीचा होता; ते सकाळीच शहरात गेले होते. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी खड्डे मोजले. १७ हवे होते, १७ होते. कॉलम उभे राहिले, ओतले गेले. मग खालच्या दोन फुटांच्या काँक्रीटसाठी लुंग फळ्या ठोकत पुढे सरकू लागले आणि आंब्याच्या झाडामागच्या एका गाळ्याला फळ्या न ठोकता पुढे गेले. दादांनी विचारले. लुंगना ऐकू आले नाही. दादांनी टेप काढली. नकाशात १६ गाळे होते, प्रत्येकी अडीच मीटरचे. प्रत्यक्षात १५ गाळे २ मीटर ६० सेंटिमीटरचे निघाले आणि एक, आंब्यामागचा, बरोबर एक मीटरचा. १५ गाळ्यांचे ३९ आणि हा एक, एकूण ४०. हिशेबात कुठेही चूक नव्हती.

दादा संतापले. आम्ही त्यांना इतके संतापलेले पूर्वी पाहिले नव्हते. थाईत बोलता बोलता मध्येच मराठीत गेले, आणि मराठीत आम्ही दोघेच उरलो. त्यांचे म्हणणे साधे होते : माझी एक गोष्ट इथे माझ्या मापाने होऊ नये? चांग ऐकत उभे राहिले. मग त्यांनी जमिनीकडे बोट दाखवले आणि दोन शब्द उच्चारले, “थांग पा.” थांग म्हणजे वाट. पांची वाट.

आम्ही खाली पाहिले. सुबाभळीची ओळ गेल्यानंतरही तिथे एक पट्टा उरला होता, पावलांनी गुळगुळीत झालेला, पांच्या मागील दारापासून निघून या एक मीटरच्या गाळ्यातून वहिनींच्या फाटकाकडे जाणारा. आणि मग, इतके दिवस डोळ्यांसमोर असलेले एकदम दिसावे तसे आम्हांला दिसले. रोज पहाटे सहाला पा त्या झुडपांतल्या फटीतून येत, हातात चिकट भाताची वेताची टोपली. वहिनी फाटकाशी थांबलेल्या असत. भिक्खू अनवाणी, एका ओळीत, रस्त्याने येत. त्यांच्या या भिक्षाफेरीला थाईत जो शब्द आहे तो पालीतला ‘पिंडपात’. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून त्यांच्या पात्रात भाताचे गोळे घालत. भिक्खूंचा रस्ता वहिनींच्या दारावरून जातो, पांच्या नाही. पूर्वी वहिनींच्या जागी त्यांची आई उभी राहत असे. दोन बहिणी, त्याच फाटकाशी, कित्येक वर्षे. कुंपण तोडले त्या दिवसापासून पा मोकळ्या जागेतून येत होत्या आणि आम्ही चहाचा पेला हातात घेऊन ते रोज पाहत होतो, ‘किती सुंदर प्रथा’ म्हणत होतो.

दादांना आम्ही वाड्याची गोष्ट सांगितली नाही. त्यांना ती ठाऊक होती. आजीच्या दहाव्याला ते आलेच होते. वहिनींना मात्र आमच्यापैकी एकीने त्या रात्री विचारले, चांगना तुम्ही सांगितलेत का? वहिनी हसल्या आणि भात निवळतो आहे का पाहायला आत गेल्या. पांनी कोणाला सांगितलेले नव्हते, हे नक्की. गावातल्या गवंड्याला काही गोष्टी सांगाव्या लागत नाहीत, हे एक उत्तर झाले. पण उक्त्याचे काम घेणारा माणूस मालकाच्या गैरहजेरीत मालकाचे माप बदलतो, तेव्हा तो मजुरी बुडण्याचीही जोखीम घेत असतो. आमच्या पेशात अशी जोखीम घेतलेली आम्ही क्वचितच पाहिली आहे. घेतली तर मुळीच नाही.

पुढचे दोन दिवस ‘बुन बांगफाय’चे. बुन म्हणजे पुण्य. पावसाळ्याच्या तोंडावर इसानची खेडी मोठमोठे अग्निबाण आकाशात सोडतात, वरच्या देवाला पावसाची आठवण करून द्यायला. ज्यांचा बाण उडत नाही त्यांना चिखलात लोळवतात. आमची सगळी टोळी तिकडे गेली. भाच्याचा बाण उडालाच नाही. तो परतला तेव्हा त्याच्या केसांत वाळलेला चिखल होता आणि तो अतिशय आनंदात होता. दादा घरीच राहिले. आंब्याखाली खुर्ची टाकून त्या गाळ्याकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टेप घेतली, दोन्ही बाजूंच्या पातळ्या घेतल्या आणि कागदावर काहीतरी मांडले. सकाळी चांग आले तेव्हा तो कागद त्यांच्या हातात होता. तीन पायऱ्या, प्रत्येकी २० सेंटिमीटर उंच. चांगनी कागद पाहून मान हलवली आणि बोटे दाखवली : चार. पंधरा-पंधराच्या. ऐंशीच्या गुडघ्यांना वीस जास्त होतात. दादांनी कागदावर खोडून चार केले.

त्या गाळ्यात माती अडवण्याचे काम आता पायऱ्यांचा ओटाच करतो, त्यामुळे शास्त्रदृष्ट्याही काही बिघडले नाही, असे दादा नंतर दोनदा म्हणाले. वर फाटक बसवायचे की गाळा ब्लॉकने बुजवायचा, हा निर्णय त्यांनी राखून ठेवला. त्यासाठी लागणारे ब्लॉक बाजूला रचून ठेवायला सांगितले.

गिलाव्याचा शेवटचा हात फिरला त्या रात्री पाऊस आला. पहाटे आम्ही उठलो तेव्हा टोळी आलेली नव्हती. वाळूवर घमेली पालथी, प्रचारफलकात पाण्याचे तळे, थाप्या धुऊन ओळीने ठेवलेल्या. भोकांतून पाणी नीट वाहत होते. चांग दुपारी उरलेली मजुरी न्यायला आले ते गुडघ्यापर्यंत चिखलात, शेतातूनच. आम्ही त्यांना निरोपाचा नमस्कार केला आणि यावेळी स्वर नीट खाली उतरवला. त्यांनी लगेच ओळखले आणि हत्तीसारखा हात डोलावून दाखवला.

गेल्या वर्षी दिवाळीत व्हिडिओ कॉलवर दादांनी भिंत दाखवली. पाण्याच्या भोकांखाली शेवाळ धरले आहे. कॉलमांच्या बुडाशी सुबाभूळ पुन्हा फुटली आहे. ती समूळ जात नाही, हे आपल्या शेतकऱ्यांनी त्यांना सांगितले असते. गाळा उघडाच होता. रचून ठेवलेल्या ब्लॉकची चवड मात्र निम्मी दिसली. विचारल्यावर दादांनी कॅमेरा पलीकडे वळवला. पांच्या अंगणात कोंबड्यांसाठी नवे खुराडे उभे होते, तीन बाजूंनी ब्लॉकचे.

“विचारून नेले का?” आम्ही म्हणालो.

“नाही,” दादा म्हणाले. “चौथी बाजू अर्धीच झालीय. अजून सहा लागतील.”